हाताला सापडलं पाहिजे

ओहायोतल्या डब्लिन गावातल्या त्या घराचं बेसमेंट मला भाड्याने देण्याआधी काकांनी माझी परीक्षा घेतली. माझी बॅग अजून दारातच होती. काकू चहाची तयारी करत होत्या. काका मला स्टोव्हसमोर घेऊन गेले आणि म्हणाले, "डोळे मीट. आता मागची डावी शेगडी चालू कर."

मी डोळे मिटून हात पुढे केला. ओळीने चार सारखी बटणं लागतील आणि त्यातलं कुठलं कुठल्या शेगडीचं हे अंदाजाने ठरवावं लागेल, असं मला वाटलं होतं. पण हाताला चार निराळी बटणं लागली. एक गोल, एक चौकोनी, एक तिकोनी आणि एकाला चोचीसारखं टोक. शिवाय ती ओळीत नव्हती. शेगड्या जशा मांडलेल्या होत्या तशीच बटणं होती, दोन पुढे आणि दोन मागे. मी मागचं डावं फिरवलं. थोड्या वेळाने तिथली कॉइल तापल्याची ऊब तळव्याला जाणवली.

"पास," काका म्हणाले. "खोली तुझी."

"अहो, तिला पाणी तरी देऊ द्या आधी," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मागच्या महिन्यात एक मुलगा आला होता. तो नापास झाला."

स्टोव्ह उघडून ती बटणं काकांनीच हलवली होती. त्यात वॉरंटी गेली होती आणि काकूंनी दोन दिवस अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही हात पिठाने भरलेले असताना त्यांनी कोपराने बरोब्बर हवी ती शेगडी बंद केली, आणि अबोला संपला. हे काकांनीच मला सांगितलं, एखादं पदक मिळाल्यासारखं.

काका मूळचे सांगलीचे. तरुणपणी ओहायोत आले आणि निवृत्त होईपर्यंत मोटारींचे स्विच बनवणाऱ्या एकाच कंपनीत राहिले. हीटरचे, वायपरचे, काचा वरखाली करण्याचे. मराठी मंडळाच्या जेवणांत डॉक्टर मंडळी आपापल्या हॉस्पिटलबद्दल बोलायची, आम्ही आयटीवाले आमच्या प्रोजेक्टबद्दल. काकांना कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "मी बटणं करायचो." पुष्कळांना वाटायचं, शर्टाची. काका दुरुस्त करायचे नाहीत.

त्यांनी केलेला हीटरचा एक गोल नॉब बऱ्याच वर्षांपूर्वी कितीतरी गाड्यांत होता. ओहायोच्या थंडीत लोक जाड हातमोजे घालून गाडी चालवतात, म्हणून त्या नॉबच्या कडेला त्यांनी खोल खाचा ठेवल्या होत्या. दर पायरीला तो 'खट' असा थांबायचा. मी विचारलं, "काका, लोकांना माहीत होतं का तो तुम्ही केलाय?"

"लोकांना तो नॉब आहे हेही लक्षात राहिलं नाही," ते म्हणाले. "रस्त्यावरून नजर काढावी लागली असती, तर बरोबर लक्षात राहिला असता."

हाताला सापडलं पाहिजे, हे त्यांचं एकच म्हणणं होतं आणि काका ते सगळ्याला लावायचे. गाडीला, घराला, देवघरातल्या काडेपेटीला. उजव्या खिशात बाराही महिने एक हातमोजा असायचा, फक्त उजव्या हाताचा. दुकानात एखादं यंत्र दिसलं की तो चढवायचा आणि बटणं दाबून बघायची. जुलैमध्ये, घामाने डबडबलेला माणूस लोकरी हातमोजा घालून मायक्रोवेव्ह तपासतोय हे बघून दुकानातल्या मुली एकमेकींकडे बघायच्या. काकू तेवढ्या वेळात भाजीच्या विभागात निघून जायच्या.

पार्किंग लॉटमध्ये तर त्यांना आवरणं कठीण. उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांना कपाळ टेकवून ते आत बघायचे आणि शाळामास्तरसारखे मार्क द्यायचे. "दहापैकी सहा. कप ठेवायची जागा गिअरच्या मागे. कोपर लागून सांडणार." एकदा भारतीय किराणा दुकानाबाहेर एक सिक्युरिटी गार्ड आला आणि म्हणाला, सर, ही तुमची गाडी आहे का. काका म्हणाले, नाही, सुदैवाने. तो गार्ड गोंधळला. मी धावत जाऊन काही सांगणार, तेवढ्यात काकांनी त्यालाच विचारलं, तू कुठली गाडी चालवतोस. दहा मिनिटांनी ते दोघं गार्डच्या जुन्या पिकअपमध्ये बसून तिचा वायपरचा दांडा कौतुकाने खालीवर करत होते.

आता माझं सांगते. मी नागपूरची. डब्लिनजवळच्या ज्या कंपनीत मला नोकरी लागली होती, ती इलेक्ट्रिक गाड्यांच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर लिहायची. ड्रायव्हर आणि शेजारचा माणूस यांच्या मधोमध मोठा टीव्ही असावा तसा तो स्क्रीन. एसी, रेडिओ, आरसे, सीट, हवेचा झोत कुठल्या दिशेला हवा तेसुद्धा, सगळं त्यात. म्हणजे काकांनी आयुष्यभर जे केलं ते पुसून टाकणं हे माझं काम होतं. पहिले तीन महिने मी त्यांना नुसतंच 'सॉफ्टवेअर' म्हणून सांगितलं.

शेवटी एका रविवारी पोहे खाताना सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते. "आणि ग्लव्हबॉक्स?" त्यांनी विचारलं.

"तोही स्क्रीनवरूनच उघडतो, काका."

"म्हणजे हातमोजे ठेवायचा खण, आणि तो उघडायला आधी हातमोजे काढायचे."

ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. काकूही हसल्या, मीही हसले. मग ते थांबले आणि बशीतली शेंगदाण्याची सालं एका बाजूला करत बसले. नंतर म्हणाले, "अगं, विजेच्या गाडीचा मला राग नाही. इंजिन गेलं, दोन सीटांमधला बोगद्यासारखा उंचवटा गेला, पायाखाली सपाट जमीन आली. आम्ही असल्या जागेसाठी तळमळायचो. हिची पर्स ठेवायला मी तीस वर्षं जागा शोधतोय. तुम्हाला एवढी जागा फुकट मिळाली, तिचं काय केलंत?"

आम्ही तिथे काहीच केलेलं नव्हतं. ती जागा फोटोत सुंदर दिसायची.

त्यानंतर आमचं रोजचं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, स्क्रीनवर नंतरही सुधारणा करता येते, घरबसल्या अपडेट येतो. ते म्हणायचे, म्हणजे काल जिथे बटण होतं तिथे आज नसणार. मी म्हणायची, आमच्या पिढीला सवय आहे. ते म्हणायचे, तुमची पिढी म्हातारी होणार नाही असं ठरलंय का. मला राग यायचा. पण ऑफिसात मीटिंगमध्ये बसले की माझ्याच तोंडून त्यांचे प्रश्न निघायचे, इंग्रजीत. माझा टीममधला मित्र, पुण्याचा, एकदा म्हणाला, "यार, तू कुणाच्या साइडने आहेस नक्की?"

त्याच सुमाराला आम्हाला चाचणीसाठी वयस्क ड्रायव्हर हवे होते. मी काकांचं नाव दिलं. खरं सांगायचं तर त्यात थोडी खोडी होती. आमचा स्क्रीन त्यांना जमतो हे मला त्यांना दाखवून द्यायचं होतं.

त्या दिवशी काका सूट आणि टाय घालून आले. लॅबमध्ये गाडीचा फक्त पुढचा भाग होता. सीट, स्टिअरिंग, स्क्रीन, आणि समोर भिंतीवर पळणारा रस्ता. मी आणि मॅनेजर काचेपलीकडे बसलो होतो. काकांनी सीटला आठ मार्क दिले. मग चाचणी घेणाऱ्या मुलीने सांगितलं, रस्त्यावर गाडी सरळ ठेवा, आणि समोरच्या काचेवर धुकं साचलंय असं समजून ते घालवायचं बटण लावा.

काकांनी उजवा हात उचलला. हात स्क्रीनपर्यंत गेला आणि तिथे, काचेपासून बोटभर अंतरावर, बोट थरथरायला लागलं. थंडीत कापतं तसं नव्हे, एका ठेक्यात. त्यांनी बोट टेकवलं, ते सीटच्या हीटरवर पडलं. परत टेकवलं, रेडिओ लागला. तिसऱ्यांदा स्क्रीनला वाटलं की हा माणूस पान उलटतोय, आणि पान उलटलं. काका नव्या पानाकडे बघत राहिले. भिंतीवरची गाडी तोवर रस्ता सोडून शेतात गेली होती.

"वन्स मोअर, प्लीज," ते त्या मुलीला म्हणाले.

दुसऱ्या वेळीही तसंच झालं. मग त्यांनी तो हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसले, लहान मुलं बसतात तसे. मी काचेपलीकडून बघत होते. गेले कित्येक महिने त्यांचा उजवा हात सतत खिशात का असतो, हे मला त्या क्षणी कळलं. मी ते हातमोज्याचं वेड समजत होते.

परत येताना गाडी मी चालवली. मग मी म्हटलं, "काका, सॉरी."

"तुला माहीत नव्हतं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. पार्किन्सन्स म्हणतात. वर्ष होईल आता." ते खिडकीबाहेर बघत होते. "काकूला बोलू नकोस."

"बरं."

"आणि तो व्हिडिओ घेतलाय ना तुम्ही लोकांनी?"

"मी डिलीट करायला सांगते, काका. चाचणीच्या फॉर्मवर तशी सोय आहे."

ते माझ्याकडे वळले. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "डिलीट करशील तर खबरदार. मी काय तुझ्या कंपनीत सूट दाखवायला आलो होतो? तो व्हिडिओ वरपर्यंत दाखव. चेहरा झाकू नकोस. हात नीट दिसला पाहिजे."

मला ते जमेना. आठवडाभर मी तो व्हिडिओ एकटीनेच बघायची आणि बंद करायची. ज्या माणसाने दुसऱ्यांचे हात चाचपडू नयेत म्हणून आयुष्य घालवलं, त्याचा चाचपडणारा हात मी परक्या लोकांना दाखवायचा, आणि तोही आपल्याच कामाच्या विरोधात. माझा व्हिसा कंपनीच्या हातात होता. वरच्यांना नको असलेलं बोलून चालेल अशी माझी परिस्थिती नव्हती. काका रोज संध्याकाळी फक्त एवढंच विचारायचे, "झालं?" आणि मी नाही म्हटलं की वर निघून जायचे.

शेवटी मी दाखवला. त्या खोलीत नऊ जण होते. व्हिडिओ संपल्यावर मॅनेजर म्हणाला, हे दुर्दैवी आहे, पण हा एक अपवाद आहे. मी म्हटलं, हा अपवाद आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे किंवा होणार आहे. मग टोकाला बसलेल्या एका वरिष्ठ बाईंनी विचारलं, यांना काय हवंय? मी म्हटलं, एक नॉब. हीटर आणि काचेवरच्या धुक्यासाठी. त्या म्हणाल्या, करून आण, मग बघू.

काकांनी नॉब करायला बटाटे निवडले. लाकूड महाग नव्हतं, पण बटाटा लवकर कापला जातो आणि चुकला तर भाजी होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हातात सुरी धरवत नव्हती. म्हणून मी कापायची आणि ते डोळे मिटून चाचपायचे. थरथरणारी बोटं त्या ओल्या बटाट्यावर ठेवली की थोड्या वेळाने शांत व्हायची. "खाच अजून खोल. अजून. थांब. आता अर्धा मिलिमीटर जास्त झाली. टाक ती, दुसरा घे." जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही तीन आठवडे बसलो. त्या तीन आठवड्यांत काकूंनी बटाट्याचे जेवढे म्हणून प्रकार येतात तेवढे केले.

एकदा काका फोन घ्यायला आत गेले होते. काकू फोडी गोळा करता करता म्हणाल्या, "डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्यात का गं?"

मी पुढचा बटाटा हातात घेतला.

"चाळीस वर्षं मी त्या हातात चहाचा कप देतेय," काकू म्हणाल्या. "आधी भरून द्यायची. आता पाऊण देते. ते काही बोलत नाहीत, मीही बोलत नाही. पण तुला माहितीये हे मला माहितीये, तेव्हा गोळ्यांचं तेवढं बघत जा."

त्यांनी एकमेकांना कधी सांगितलं, सांगितलं तरी का, मला ठाऊक नाही. पुढच्या महिन्यापासून गाडीच्या किल्ल्या काकूंच्या पर्समध्ये असायला लागल्या, आणि काका न बोलता ड्रायव्हरच्या शेजारच्या, उजव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसायला लागले.

शेवटच्या बटाट्यावरून मी लॅबमध्ये प्लॅस्टिकचा नॉब करून घेतला. तो मंजुरीला वर गेला, परत आला, पुन्हा गेला. गाडी बाजारात यायला बराच अवकाश होता आणि त्याआधीच आमची अर्धी टीम कमी झाली. त्यात मी होते. व्हिसाच्या नियमाने दोन महिन्यांत नवी नोकरी शोधायची होती. ती दूर दक्षिणेला, कॅरी नावाच्या गावी मिळाली, औषधांच्या कंपनीत, गाड्यांशी काही संबंध नसलेली. निघताना काकूंनी डबा दिला. काका दारापर्यंत आले. मी म्हटलं, गाडी आली की मी घेऊन येईन, तुम्हाला दाखवायला. ते म्हणाले, "नॉब असेल तर आण. नसेल तर नुसती ये."

मी नुसती गेले नाही, हे मला आता टोचतं. दोन वर्षं फोन करत राहिले. रविवारी सकाळी, ते चहा पीत असतील त्या वेळेला. काकांचा आवाज बारीक होत गेला. नंतर काकूच मधे सांगायच्या, "ते म्हणतायत, तुझ्या कॅरीच्या नव्या घरात दिव्यांची बटणं कुठे आहेत?" मी सांगायची, आणि पलीकडून अस्पष्ट मार्क यायचे.

ते गेले तेव्हा मी नागपुरात होते. व्हिसाचा शिक्का मारून घ्यायला गेले होते आणि अपॉइंटमेंट पुढे पुढे सरकत होती. काकूंचा फोन आला तेव्हा आई दळण निवडत होती. मी तिला सांगितलं, माझे एक काका गेले. ती म्हणाली, कोणते गं? त्याचं उत्तर मला देता येईना. नात्यातले नव्हते. शिक्षक नव्हते. घरमालक म्हणावं तर ते खोटं वाटत होतं. अजूनही एखाद्या लिफ्टमध्ये, हॉटेलच्या बाथरूममध्ये, कुठला नळ कुठे फिरवायचा ते कळेनासं झालं की मला त्यांचे मार्क ऐकायची तहान लागते. कोणाला सांगणार.

पण ते जाण्याच्या आदल्या ऑक्टोबरात ती गाडी आली होती, आणि मी ती घेतली होती. कॅरीहून डब्लिनपर्यंत डोंगरांतून एकटी चालवत नेली. वाटेत तीनदा चार्जिंगला थांबले, आणि तिन्ही वेळा तो नॉब फिरवून बघितला. त्यात काहीतरी निराळं होतं. मला नक्की सांगता येत नव्हतं.

दुपारी पोचले. काकू आणि मी दोघींनी मिळून काकांना पुढच्या सीटवर बसवलं. ते फार हलके झाले होते. काकू मागे बसल्या. बाहेर झाडं लाल-पिवळी झाली होती आणि बारीक पाऊस पडत होता. गाडी रस्त्याला लागल्यावर काकांनी हात पुढे केला. हात खूप हलत होता. त्यांनी शोधलं नाही. तो सरळ नॉबवर गेला आणि तिथे थांबला.

त्यांनी तो एक पायरी फिरवला. खट. मग दुसरी. बोटं कडेवरून हळूहळू फिरली.

"अर्धा खाल्लाय," ते म्हणाले. इतकं हळू की मला वाकावं लागलं.

मला तेव्हा कळलं काय निराळं होतं ते. कुठल्यातरी टप्प्यावर, कुठल्यातरी टेबलावर, कोणीतरी खाचा उथळ केल्या होत्या. "हो, काका," मी म्हटलं. "अर्धा मिलिमीटर."

त्यांनी आणखी दोन पायऱ्या फिरवल्या. गाडीत भट्टीसारखं गरम झालं. मग त्यांनी तो उलटा फिरवला आणि गार हवा अंगावर आली. परत गरम. मागून काकू म्हणाल्या, "अहो, आजारी पडू आम्ही." त्या हसत होत्या. ते ऐकत नव्हते.

"पण ठेवला त्यांनी," काका म्हणाले.

"ठेवला, काका."

नदीकाठच्या रस्त्याने आम्ही गावाला वळसा घालून परत घराच्या कोपऱ्यावर आलो. स्क्रीनवर चार्ज कमी झाल्याचा पिवळा आकडा लागला होता. काकूंनी विचारलं, "दमलात का? घरी जायचं?"

काकांचा हात नॉबवरून निघाला नव्हता. ते म्हणाले, "अजून एक फेरी."

मी डावीकडे घराकडे वळायचं ते वळले नाही. सरळ गेले.